गटातली तीन-शून्य

बॅडमिंटनमधलं मला न कळणारं काही शिल्लक आहे, असं त्या दुपारपर्यंत मला अजिबात वाटत नव्हतं! शटलला सोळा पिसं असतात आणि ती सगळी एकाच बाजूच्या पंखाची लागतात, हे मी सात वर्षांची असताना पाहुण्यांना पकडून पकडून सांगत असे. माझे वडील रॅकेटचं गटिंग करायचे, म्हणजे तारा बांधायचे. हॉलला लागूनच असलेल्या त्यांच्या खोलीत, यंत्राशेजारी स्टुलावर बसून मी निम्मं ग्रंथालय वाचून काढलं. स्पर्धेचं नियमपुस्तक तेवढं राहून गेलं.

वडील जाऊन तीन महिने झाले होते. महिलांची आंतरराष्ट्रीय सांघिक स्पर्धा आमच्याच हॉलमध्ये आली, तेव्हा हॉलचे सचिव म्हणाले, "काकांची खोली बंद बरी दिसणार नाही. तुम्ही बसता का?" मी बसले. आई घराबाहेर पडतच नव्हती, तिलाही ओढून नेलं आणि दारासमोरच्या पहिल्या रांगेत बसवलं.

गटातली पहिली लढत सुरू होती. आमच्या संघातली सगळ्यात लहान मुलगी, देशासाठी पहिल्यांदाच खेळणारी, दोन रॅकेट घेऊन आली.

"ताई, तारा दाबून बघा ना. काका बघायचे. आणि लढत संपली की दोन्हींचं गटिंग बदला."

मी अंगठ्याने दाबून अगदी वडिलांसारखं "हं" म्हटलं. तेवढ्यावर ती खूश झाली, रॅकेट माझ्याकडेच ठेवून अंग मोकळं करायला पळाली.

दोनेक तासांनी हॉल दणाणला. तीन-शून्य! पाचांपैकी तीन सामने आपले, म्हणजे लढत संपली. जुन्या तारा काढायला मी कात्री उचलली. कट, कट, कट! दोन्ही रॅकेट साफ!

"ताई, द्या. चौथा सामना सुरू झाला, पाचवा माझा."

"कसला पाचवा? आपण जिंकलो की!"

"जिंकलो हो, पण गटात पाचही खेळवतात ना!"

"ते का?"

खरं सांगते, त्या क्षणीही मला आधी कुतूहलच वाटलं.

"संघ बरोबरीत आले तर कोणी किती सामने, किती गेम जिंकले ते मोज..." तिची नजर टेबलावर गेली. दोन रिकाम्या चौकटी, चष्म्याच्या काचा निघाव्यात तशा.

"आणखी एखादी आहे?"

"कालच मोडली." तिचे डोळे भरून आले. "पहिलाच सामना मी उसन्या रॅकेटने खेळू?"

वडील पंचवीस मिनिटांत एक रॅकेट बांधायचे. मला पाऊण तास लागतो. आणि कोर्टवर आमची जोडी केर काढल्यासारखी समोरच्यांना लोटत होती!

"आई! स्कोअर सांगत राहा!"

"पहिला गेम झाला! दुसऱ्यात सात-दोन!"

"कोणाचे सात?"

"आपले!"

"अगं आई गं! माझ्या अजून आडव्या तारा सुरूही नाहीत!"

तीन महिन्यांत चार वाक्यंही न बोललेली माझी आई ताडकन उठली.

"हरा गं मुलींनो! एकच गेम हरा!"

शेजारी तोंडाला रंग फासलेला एक समर्थक होता. तो घाबरलाच. "काकू, आपल्या कुठल्या ते माहीत आहे ना?"

"माहीत आहे म्हणून तर सांगतेय! अठरा मिनिटांत जिंकायला कुठली गाडी चुकतेय त्यांची?"

"अहो, गटात एकेक गेम मोजतात!"

"मोजू देत! तुम्ही बसा खाली, मला दिसत नाहीये!"

आमच्या जोडीतल्या एकीने सर्व्हिस जाळ्यात घातली. आईने टाळ्या वाजवल्या. पूर्ण हॉलमध्ये एकटीने. दुसरा गेम गेला! तिसरा आपण जिंकला आणि त्याच मिनिटाला मी शेवटची गाठ मारली. दारात थांबलेल्या त्या लहान मुलीने रॅकेट हिसकावली, अंगठ्याने दाबली, म्हणाली, "हं!" आणि पळाली. तिने सामना सरळ दोन गेममध्ये घेतला. आई घसा बसेपर्यंत ओरडली. मी दारात उभी राहून सगळा सामना पाहिला. म्हणजे जेवढा धूसर दिसला तेवढा.

तिसऱ्या दिवशी गटातले तीन संघ बरोबरीत आले. सामन्यांचा हिशेबही सारखाच निघाला. मग गेम मोजले. आमचा पहिला नंबर एका गेमने हुकला आणि बाद फेरीत थेट गतविजेत्यांशी गाठ पडली!

रंग फासलेला तो गृहस्थ सावकाश आईकडे वळला. त्याने तोंड उघडायच्या आत आईच कपाळावर हात मारून म्हणाली, "काय बाई बेफिकीर मुली! एक गेम सांभाळता येऊ नये?"