मर्यादित दृश्य

नाट्यगृहाच्या खिडकीवर ‘सर्व तिकिटे संपली’ ही पाटी मेकॅनिकनं दोनदा वाचली. सहलीला सासूबाई सोबत होत्या. आपलं घर सोडून त्या आता आपल्या दोन मुलींपैकी एकीकडे राहायला जाणार होत्या. थोरलीकडे की धाकटीकडे, ते याच सहलीत ठरायचं होतं. थोरला जावई डॉक्टर, धाकटा हा गॅरेजवाला. धाकटीचा सगळा जीव आईत अडकलेला. म्हणून तर यानं निघतानाच छाती फुगवून सांगितलं होतं, "आई, तुम्हाला मोठ्या शहरातलं नाटक दाखवतो."

लॉजच्या कोपऱ्यावर मोबाइलची कव्हरं विकणारी टपरी होती. तिच्यावर ‘नाटकाची तिकिटे मिळतील’ असं खरडलेलं. खिडकीवर जे नाही ते या भामट्याकडे कुठून आलं, हे विचारायची आपल्याला लाज वाटते, आणि आपल्या त्या लाजेवर ही जमात गब्बर होते. मेकॅनिकनंही विचारलं नाही. त्याची काळजी निराळीच होती.

"सोबत सासूबाई आहेत. नाटकात भलतंसलतं काही नको."

टपरीवाल्यानं तिकीट पुढे सरकवलं. "छापलंय ते वाचा की साहेब. ‘मर्यादित दृश्य’."

"म्हणजे सगळं मर्यादेत?"

टपरीवाल्यानं त्याला एकदा नीट न्याहाळलं. "याच्याहून मर्यादित दृश्य तुम्हाला आख्ख्या थिएटरात मिळणार नाही."

मेकॅनिकनं दामदुप्पट मोजून तीन तिकिटं खिशात घातली. "सगळी चौकशी करून आणलीयत, आई," असं लॉजवर सांगूनही टाकलं.

संध्याकाळी बॅटरीवाल्या माणसानं तिघांना खुर्च्या दाखवल्या. समोर खांब होता. साधासुधा नव्हे, कवेत न मावणारा.

"अहो, रंगमंच कुठाय?" बायकोनं विचारलं.

"खांबामागे."

"आणि आपण?"

"आपणही खांबामागेच."

सासूबाई बरोब्बर मध्ये. त्यांना खांब सोडून काही दिसेना. मेकॅनिकनं बाजूला मान लांबवली तेव्हा पडदा उघडत होता. पलंग होता. पलंगावर जोडपं होतं. जोडप्याच्या अंगावर फारसं काही नव्हतं. मर्यादा नाटकाला नव्हती, खुर्चीला होती.

"काय चाललंय हो?" सासूबाईंनी विचारलं.

"बाई आजारी आहे. नवरा ताप बघतोय."

रंगमंचावरून लांबलचक उसासा आला.

"ताप वाढलेला दिसतोय."

"हो ना." तेवढ्यात पलंगाखालून दुसराच एक पुरुष बाहेर आला. "आता डॉक्टर आले, आई."

"इतक्या लवकर?"

"खालीच राहतात."

सभागृह गडगडून हसलं.

"आजारी बाईला बघून हसतात?"

"माणुसकीच राहिली नाही हो लोकांत."

पुढच्या खुर्चीवरचा माणूस वळला. "ओ, गप्प बसा की. आम्हाला दिसतंय."

बायकोनं तोंडात रुमाल कोंबला होता. रडतेय की हसतेय, ते बघायची मेकॅनिकला हिंमत नव्हती.

मध्यंतरात बॅटरीवाल्याला दया आली. "पहिल्या रांगेत एक खुर्ची रिकामी आहे. आजींना बसवतो."

"नको, नको. त्यांना खांबच मानवतो."

पण सासूबाई पर्स उचलून निघाल्यासुद्धा.

"गेली आई," बायको म्हणाली. "आता डॉक्टरांकडेच जाणार. बसा तुम्ही ताप बघत."

उरलेलं नाटक मेकॅनिकनं खांबाकडे बघत काढलं. मध्येच पुढून कुणीतरी पोट धरून हसलं. ते हसू त्यानं लग्नापासून कधी ऐकलं नव्हतं, तरी कुणाचं ते ओळखलं.

बाहेर पडून तिघं लॉजकडे निघाले. शेवटी बायकोनंच धीर केला. "आई, यांचं चुकलं गं."

"तू थांब. जावईबापू, इकडे या."

तो मान खाली घालून पुढे झाला.

"थोरले जावई नाटकाला नेतात, पण शेजारी बसून घोरतात. मी तुमच्याकडे येतेय."

मेकॅनिकनं मान वर केली.

"पण माझ्या खोलीला आतून कडी हवी."

"बसवतो, आई. उद्याच."

"आणि कडी लागली की आत काय चाललंय, ते माझ्या मुलीला तुम्ही सांगत बसायचं नाही."