कानात कापूस, डोळ्यांत बाम

“किती हळवा आहे हो हा मुलगा!” मोबाइलवरचं गाणं कानाशी धरून बायको असं म्हणाली की चष्मेवाल्यांचा चहा तिथल्या तिथे कडू व्हायचा. हा मुलगा म्हणजे ‘ओली काडेपेटी’ नावाच्या बँडचा गायक. गाणी स्वतःच लिहायची, चाली स्वतःच लावायच्या आणि हुंदकेही स्वतःच द्यायचे, असा त्याचा सगळा घरगुती कारभार. त्याचं गाणं लागलं की बायकोची नजर अशी काही मऊ व्हायची की बघत राहावं. दिवसभर दुकानात लोकांच्या नजरा तपासणाऱ्या चष्मेवाल्यांना ती नजर लग्नाच्या पहिल्या वर्षी एकदोनदा दिसली होती. पुढे ती गायबच झाली.

फ्रेमांच्या खरेदीसाठी ते मोठ्या शहरात जायला निघाले, तेव्हा बायको कधी नव्हे ती बरोबर आली. गाडीत बसल्यावर तिने पर्समधून दोन तिकिटं काढली.

“आज संध्याकाळी त्यांचा कार्यक्रम आहे. तुम्ही नाही आलात तरी चालेल.”

ते ‘चालेल’ चष्मेवाल्यांना चांगलंच झोंबलं. “येतो की! बघू तरी, काय एवढं सोनं लागलंय त्याला!”

कार्यक्रम एका जुन्या गोदामात होता. खुर्च्यांचा पत्ता नव्हता. एरवी बसमधल्या गर्दीला घाबरणारी बायको कोपरांनी वाट काढत थेट मंचापाशी जाऊन उभी राहिली. गायक आला. लुकडा, केस विसकटलेले, शर्टाचं एक बटण तुटलेलं.

“बटण लावून द्यायला कुणी नाही वाटतं घरी,” चष्मेवाले पुटपुटले.

“बिचारा!” बायको कळवळून म्हणाली.

टोमणा फुकट गेला. गाणं सुरू झालं आणि तिची नजर मऊ झाली. अख्खीच्या अख्खी, एका परक्या पोरासाठी! चष्मेवाल्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. त्यांनी हळूच तिच्या पर्समध्ये हात घालून कापूस काढला आणि दोन बोळे करून कानांत कोंबले. मग चष्मा काढून त्याच बोटांनी डोळ्यांवरचा घाम पुसला.

पर्समधली डोकेदुखीच्या बामची डबी गर्दीच्या रेट्यात कधीच उघडली होती. अर्धा बाम त्या कापसाला लागला होता.

डोळ्यांची नुसती आग आग झाली. चोळले तर आणखीच. गालांवरून धारा वाहायला लागल्या. गायकाने ते पाहिलं आणि गाणं थांबवलं. दोन दणकट पोरांनी चष्मेवाल्यांना उचलून मंचावर ठेवलं.

“इतका हळवा माणूस मी आजवर पाहिला नाही!” गायक माइकवर म्हणाला. “कुणासाठी रडताय, काका?”

कापसातून चष्मेवाल्यांना फक्त ‘काका’ ऐकू आलं. कामधंदा विचारत असेल असं समजून ते ओरडले, “चष्म्याचं दुकान आहे!”

“वा!” गायकाने माइकवरच एक हुंदका दिला. “दुसऱ्यांना दिसावं म्हणून झिजणारा माणूस!” आणि त्याने त्यांना मिठी मारून कानात काहीतरी सांगितलं. अख्खं गोदाम टाळ्या वाजवत होतं. एकटी बायको सोडून.

बाहेर रस्त्यावर आल्यावर तिचा बांध फुटला. “तुमच्याच गळ्यात बरा पडला! इतकी वर्षं मी ऐकतेय त्याला. माझ्याकडे ढुंकून तरी बघितलं का? आणि कानात काय म्हणाला?”

चष्मेवाल्यांनी मान डोलावली.

“अहो, काय म्हणाला?”

त्यांनी पुन्हा मान डोलावली. तेवढ्यात तिला त्यांच्या कानातून डोकावणारा पांढरा बोळा दिसला. तिने तो उपटला. दुसराही उपटला. हुंगला.

“बाम? म्हणजे तुम्ही रडला नाहीत?”

“नाही गं.”

“मग कापूस कशाला कोंबला होतात?”

डोळ्यांची इतकी आग होत होती की खोटंही सुचेना. “तू त्याच्याकडे तशी बघत होतीस, ते सहन होईना. डोळे मिटले तर तुझ्यावर लक्ष कोण ठेवणार? म्हणून कान बंद केले.”

“जळत होतात? त्या एवढ्याशा पोरावर?”

“होतो. अजून जळतोय. डोळ्यांसकट.”

बायको हसली नाही. रस्त्यावरच्या दिव्याखाली थांबली, त्यांचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि त्यांच्याकडे पाहिलं. तीच नजर. पहिल्या वर्षातली, आणि या वेळी फक्त त्यांच्यासाठी.

“बघा ना इकडे,” ती हळूच म्हणाली.

“कुठे?” चष्मेवाल्यांनी विचारलं. त्यांचे दोन्ही डोळे सुजून बंद झाले होते.