रोम्युलसच्या वाटेवरचा श्रावण

कपात चमचा किणकिणला आणि कॉटेजमधली सकाळची शांतता मोडली. सुलेखानं चमचा पटकन मुठीत धरला. बाहेर जप करत बसलेल्या सासूबाई, नीलाताई, नेमक्या तेव्हाच खोकल्या. सुलेखा आणि शैलेंद्र बाथरूमचं दार लावून, टबाच्या कडेवर बसून चहा पीत होते.

"स्वतःच्या व्हेकेशनमध्ये चोरून चहा पितोय आपण," शैलेंद्र कुजबुजला.

"मग आईंच्या समोर भुरके मारू? तुझ्यासाठी सोडलाय त्यांनी."

ते खरंच होतं. सांगलीहून अमेरिकेत मुलाकडे, आयसेलिनला आल्या आल्या नीलाताईंनी संकल्प सोडला होता: मुलाच्या ग्रीन कार्डासाठी सगळा श्रावण चहा बंद. मुलानं एवढंच करायचं, महिनाभर दारूला शिवायचं नाही. दोघांपैकी एकानं जरी मोडलं तरी सगळं फुकट. नीलाताई म्हणजे उठल्यापासून झोपेपर्यंत चहावर चालणारी बाई. सुलेखाचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. पण इतकी वर्षं रांगेत काढल्यावर अविश्वासही पूर्वीसारखा टणक राहत नाही. त्यांची मुलगी आन्या शाळेतून आली की टपालपेटी आधी उघडून बघायची, तेव्हा तर सुलेखाला वाटायचं, असेलही काही.

त्या कार्डाच्याच भानगडीत देशाबाहेर जायची धास्ती, म्हणून सासऱ्यांची रोम बघायची हौस शैलेंद्रनं न्यूयॉर्क राज्यातच भागवायला काढली होती. फिंगर लेक्सच्या भागात मार्सेलस, पाँपी, रोम्युलस अशी रोमन नावांची गावंच्या गावं आहेत. सासरे डॉक्टर गिरीश, सांगलीतले निवृत्त हाडांचे डॉक्टर, गळ्यात दुर्बीण अडकवून पुढच्या सीटवर बसले.

"मार्सेलस आलं, बाबा."

"कुठाय?"

"गेलं."

गिरीशराव मागे वळून मक्याच्या शेताकडे बराच वेळ बघत राहिले. "पडझड फारच झालेली दिसते," ते म्हणाले.

रोम्युलसच्या अलीकडे ऊन लख्ख पडलं आणि तळ्याच्या उतारावर द्राक्षाच्या ओळी चमकायला लागल्या. नीलाताईंचं माहेर द्राक्षांच्या तासगावचं. "मांडव बघू तरी यांचे कसे असतात," म्हणून त्यांनी गाडी थांबवायला लावली आणि नवऱ्याला, नातीला घेऊन त्या बागेत शिरल्या. सुलेखा पाण्याच्या बाटल्या भरायला गेली. परत येऊन बघते तर शैलेंद्र आत वाइनच्या काउंटरला टेकून, आणि समोर रिकामे ग्लास.

"हे काय केलंस?"

"टेस्टिंग. गिळायचं नसतं अगं, थुंकायचं असतं. थुंकलं तर संकल्प मोडत नाही."

"मग थुंकलास?"

शैलेंद्रनं समोरच्या कोऱ्या बादलीकडे पाहिलं. "ती काउंटरमागची म्हातारी स्वतः उभी राहून वाढत होती. तिच्या तोंडासमोर कसा थुंकू? आणि आग्रह तरी किती. एकदा नको म्हटलं तर चेहराच पडला बिचारीचा."

पंगतीतले संस्कार असे परमुलखात येऊन उलटले. सुलेखानं हात पुढे केला. "चावी."

"तू चालवणार? या घाटात?"

सुलेखाचं ड्रायव्हिंग म्हणजे मुलीची शाळा आणि किराण्याचं दुकान. पण आता काय करणार? तेवढ्यात नीलाताई दारात हजर. "चावी हिच्याकडे कशी?"

"त्याची पाठ धरलीय," सुलेखा बोलून गेली. बोलल्यावर तिच्या लक्षात आलं की मागून हाडांचे डॉक्टर येतायत.

गिरीशरावांनी मुलाला तिथेच हिरवळीवर आडवा केला. जवळच्या टेबलावरचे लोक खुर्च्या सरकवून बघायला लागले.

"आता हा पाय वर घेतो. दुखतं?"

शैलेंद्रनं बायकोकडे पाहिलं. तिनं मान हलवली. "आई गं," तो म्हणाला.

"आणि हा?"

तिनं पुन्हा मान हलवली.

"गुदगुल्या केल्या तर?"

"खूप दुखतं, बाबा."

"परीक्षा असते ही," नीलाताई डोळे पुसत म्हणाल्या. "एवढा कडक श्रावण पाळतोय पोरगा माझा. चल गं आन्या, निघायच्या आधी बाथरूमला जाऊन येऊ." दोघी गेल्या त्या बऱ्याच वेळानं आल्या. फार मोठी लाइन होती म्हणे.

तोवर गिरीशरावांनी मुलाला व्हॅनच्या शेवटच्या सीटवर झोपवून तोंडापर्यंत शाल घातली होती. सुलेखाला बाजूला घेऊन ते हळूच म्हणाले, "पुढच्या वेळी चक्कर सांग. ती तपासता येत नाही."

मग ती निघाली. उतारावर ब्रेक, चढावर पुन्हा ब्रेक. पुढे कुणा जुन्या चालीच्या शेतकऱ्याची घोड्याची बग्गी निवांत चाललेली, मागे हॉर्न देणारा ट्रक, आणि हाताखाली घामानं निसरडं झालेलं स्टीअरिंग. आरशात आन्याचं चिमुकलं तोंड दिसत होतं. तिला काही होऊ नये एवढंच सुलेखा मनात घोकत होती.

"घोड्याला ओव्हरटेक करायला हरकत नाही," सासरे म्हणाले.

"राहू दे बाबा, चांगला चाललाय तो."

"कसला गं वास येतोय मागून?" नीलाताईंनी विचारलं.

"बाम असेल, आई."

"बाम असला आंबूस?"

"इथे तसलाच मिळतो."

शालीखालचं घोरणं एकदम बंद झालं. नीलाताई वळून शालीकडे बघायला लागल्या. सगळं आता संपलं, असं सुलेखाला वाटलं.

"इट्स नॉट बाम, आजी," आन्या म्हणाली. "बाबानी वाइन घेतली. आय सॉ हिम थ्रू द विंडो, बिफोर वी वेंट फॉर युअर चाय."

नीलाताईंना खिडकीबाहेरच्या द्राक्षांत अचानक फार रस वाटायला लागला. गिरीशरावांनी दुर्बीण डोळ्यांना लावली. रोम्युलसची पाटी आली तशी गेली, कोणी मान वळवली नाही. आन्यानं थोडा वेळ विचार केला. मग पुढे वाकून आईच्या खांद्याला बोट लावत तिनं विचारलं,

"मम्मा, मग आता ग्रीन कार्ड आलं नाही तर ते कोणामुळे? बाबामुळे की आजीमुळे?"