नाक धरून केलेला फोन

साहेबांची गाडी रस्त्यात बंद पडली आणि ते त्याच्या गाडीत येऊन बसले, तेव्हा आठ बेचाळीस झाले होते. आठ पन्नासला रेडिओवर ‘गाडीतली गाऱ्हाणी’ हा कार्यक्रम लागणार होता. रेडिओचं बटण गेल्याच आठवड्यात तुटून हातात आलेलं. आता गाडी चालू म्हणजे रेडिओ चालू.

प्रयोगशाळेत तो अजून तात्पुरताच होता. त्याला कायम करायच्या कागदावर आज साहेब सही करणार होते. आणि हेच साहेब दिवसातून किती वेळा ‘म्हणजे कसं आहे’ म्हणतात, ते मोजून तो रोज सकाळी नाक चिमटीत धरून ‘त्रासलेला तराजू’ या नावाने रेडिओला कळवायचा. त्या आवाजावरून त्याला ओळखणं अशक्य होतं. फक्त आज त्याला सर्दी झाली होती. खरीखुरी, दोन्ही नाकपुड्या गच्च.

“आज तराजूदादांचा फोन नाही!” निवेदिका म्हणाली. “मग कालचाच ऐकू या.”

“दबस्कार! चाळीस बिदिटांत सत्तेचाळीस वेळा ‘ब्हडजे कसं आहे’!”

साहेब खदखदून हसले. “रोज ऐकतो मी याला. तुम्ही?”

त्याने घाईघाईने हिशेब केला. न, म, ण टाळले की झालं.

“कधीतरी,” तो म्हणाला.

“घसा बसलाय का?”

“थोडासा.”

साहेबांनी बॅगेतून कागद काढला, मांडीवर ठेवला आणि पेनाचं टोपण उघडलं. “आता सहीच करून टाकतो. अरे, विभाग कोरा राहिलाय. कुठला हो तुमचा?”

विभाग होता मापन. त्याला दुसरा शब्दच सुचेना. मागचा हॉर्न वाजवू लागला.

“बापद,” तो म्हणाला.

पेन थांबलं. “पुन्हा बोला.”

“बापद, साहेब.”

साहेब त्याच्याकडे पाहतच राहिले. मग त्याच्या खांद्यावर जोरात थाप पडली. “अहो, हुबेहूब तराजू! इतकी छान नक्कल करता आणि ऑफिसात मुके बसता?”

सही झाली.

“त्या तराजूच्या साहेबाची मात्र कीव येते,” साहेब कागदाची घडी घालत म्हणाले. “बिचाऱ्याला कुणी सांगतही नसेल. म्हणजे कसं आहे, माझी गाडी आता महिनाभर गॅरेजात. उद्यापासून रोज मला घ्यायला या. मिळून ऐकू.”

स्टिअरिंगवरचं त्याचं एक बोट आपोआप वर झालं.

एक.