किनाऱ्यावरची बाहेरची माणसे

फिजीतल्या नासेरेवाई गावाचा किनारा निसर्ग उद्यान म्हणून जाहीर झाला, तेव्हा गावाचा विकास होणार याबद्दल कोणाच्याही मनात शंका उरली नाही. तसा फलकच लावला होता.

उद्यानाचा अधिकारी इनोके हा दुसऱ्या बेटावरचा. त्याच्या बेटाचे आणि या गावाचे नाते थट्टेचे. एकमेकांना काहीही बोलावे आणि कोणी रागावू नये, असे. पण इनोके अभ्यासू होता. परक्या गावात पाऊल टाकण्याआधी यांगोनाच्या, म्हणजे ज्यांचे गुंगी आणणारे पेय करतात त्या मुळांची जुडी यजमानापुढे ठेवून परवानगी मागायची, ही फिजीची रीत त्याला फार आवडली होती. उद्यानाने स्थानिक परंपरेचा आदर करावा, असे वरून कळवलेही होते. म्हणून त्याने नियम केला, की बाहेरच्याने किनाऱ्यावर उतरताना जुडी आणावी.

गावातली विलिमाइना टोपली घेऊन शिंपल्या काढायला निघाली, तेव्हा त्याने तिला खारफुटीपाशी अडवले.

"मी बाहेरची कधीपासून?" तिने विचारले.

"मागच्या मंगळवारपासून, मावशी. सीमा आखली ना."

पर्यटकांना मात्र जुडी माफ होती. ते तिकीट काढून येत, म्हणजे आतलेच.

विलिमाइनाच्या लेकीचे, लावेनियाचे, लग्न ठरले होते. तिच्या घरची मुलगी सासरी निघाली, की वऱ्हाडाला याच किनाऱ्यावरच्या शिंपल्या नारळाच्या दुधात शिजवून वाढायच्या. त्या नसल्या, तर मुलीने सासरी जन्मभर खाली मान घालून वावरायचे. त्यामुळे विलिमाइनाने जुडी आणली. शिंपल्या लहान आहेत म्हणून इनोकेने पुढच्या भरतीनंतर यायला सांगितले. तेव्हा तिने दुसरी जुडी आणली.

"तुझ्या बेटावरचे लोक आमच्याकडे उपाशी यायचे," ती म्हणाली. "आम्ही मुळं घ्यायचो, पण जेवायलाही वाढायचो. तू मुळं घेतोस आणि वर माझं जेवणही ठेवून घेतोस."

"रीत तुमचीच आहे, मावशी. मी फक्त जपतोय," इनोके जांभई देत म्हणाला. जमलेले यांगोना वाया जाऊ नये म्हणून तो ते कर्तव्य समजून पीत असे, आणि दुपारपर्यंत त्याची जीभ जड होई.

आता पुढचे नीट समजून घ्यावे, कारण यात कोणाचीच चूक नाही. सगळ्या गावाला किनाऱ्यावर जायचे होते, म्हणून सगळ्या गावाला मुळे हवी होती. मुळांसाठी डोंगर साफ करावा लागला. यांगोनाची लागवड वाढली, हा स्थानिक विकास झाला, आणि इनोकेचे वरून कौतुक झाले. मग पाऊस पडला. उघड्या डोंगराची माती ओढ्याने खाली आली आणि शिंपल्यांवर पसरली.

विलिमाइनाने कोपरापर्यंत हात घालून दिवसभर चाचपले. शेवटी ती लाल चिखलाच्या हातांनी कचेरीत गेली.

"एकही शिंपली नाही."

"म्हणजे कोणी चोरून काढत नाही," इनोके समाधानाने म्हणाला.

"अरे, सगळ्या मातीखाली गेल्यात."

इनोके उठून खिडकीतून डोकावला. मग गंभीरपणे म्हणाला, "माती तुमच्या डोंगरावरची आहे, मावशी. जुडी न देता आत शिरली. तिच्यावर कारवाई करावी लागेल."

पण इनोके निर्दय नव्हता. लग्न तोंडावर आल्याचे कळताच त्याने विकास निधीतून डबाबंद शिंपल्या मिळवून दिल्या. त्या कुठल्यातरी थंड देशातल्या होत्या. बदल्यात काही पर्यटकांना पंगतीला बसवायचे एवढेच ठरले.

विलिमाइनाने पहाटे एकटीने डबे फोडले आणि नारळाचे दूध नेहमीपेक्षा जास्त घातले.

पंगतीत एका पर्यटक बाईने पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. आमच्याकडच्या शिंपल्यांना ही चव नाही, असे ती म्हणाली आणि विचारले, "या कुठल्या?"

वऱ्हाड खाता खाता थांबले. लावेनियाने आईकडे पाहिले.

"आमच्याच किनाऱ्यावरच्या," विलिमाइना म्हणाली.

विहिणीने मान डोलावली आणि आणखी वाढून घेतले.

ती पर्यटक बाई काही वाईट नव्हती. तुमच्याआमच्यासारखीच, निसर्गावर मनापासून जीव असलेली. उद्यानामुळे एका गावाचे कसे भले झाले, हे तिने स्वतः चाखून पाहिले होते. घरी परतल्यावर तिने उद्यानाला मोठी देणगी पाठवली, आणि लावेनियाच्या सासरच्या किनाऱ्यावर सीमा आखायचे काम सुरू झाले.