बिल्ला, बोल आणि बाप्या

मी रागावल्याशिवाय दगडूतात्या गुदामाचं कुलूप काढत नसत. चार वर्षं मी तिथे माल ठेवत होतो, आणि दर खेपेला त्यांनी मला आधी खवळवलं, मगच किल्ली फिरवली.

भिंगारच्या बाजारामागे ते भाड्याचं गुदाम होतं. लष्कराच्या लिलावातला जुना माल, म्हणजे ताडपत्र्या, डबे, बूट, पडत्या भावात उचलायचा आणि आठवडी बाजारांत विकायचा, हा माझा धंदा. तात्या गुदामाचे राखणदार. शेजारच्या खोलीत एकटेच राहायचे. त्यांचा नियम एकच: "बिल्ला, बोल आन् बाप्या. तिन्ही जुळलं तर माल."

बिल्ला म्हणजे माल ठेवताना मिळणारा नंबराचा पितळी तुकडा. बोल म्हणजे प्रत्येकाच्या कानात सांगितलेला खुणेचा शब्द. आणि बाप्या म्हणजे तो माणूस स्वतः. "बिल्ला चोरीला जातो, बोल फुटतो," तात्या म्हणायचे, "बाप्याची नक्कल मातुर कोनाला जमायची न्हाई."

बोल तेच ठरवत. कुणाला 'गुळाची ढेप', कुणाला 'काळी शेळी'. मला दिला 'माझंच चुकलं'.

"हा काय बोल झाला?" मी भडकलो.

"शेठ, तुमच्या तोंडून ह्यो निघंल, असं कुना चोराच्या सपनात तरी यील का?"

धंद्यात कधी एक शब्द मागे न घेतलेला मी, दर आठवड्याला गुदामाच्या खिडकीत तोंड घालून 'माझंच चुकलं' म्हणायचो. मग बाप्याची तपासणी. "असल्या चाळणी झालेल्या ताडपत्र्या कोन घेतंय वो? शेळ्या बी हसत्याल." माझ्या तोंडाचा पट्टा सुटला की ते समाधानाने मान हलवत. "व्हय. तुमीच." भांडीवाल्या कासमभाईंना मात्र ते हसवायचे. त्यांचं हसणं म्हणे परात पडल्यासारखं.

एकदा लिलावात ओरडून ओरडून माझा घसा पार बसला. दुसऱ्या दिवशी मिरजगावचा बाजार. टेम्पो उभा करून मी बिल्ला दिला, बोल कुजबुजलो. तात्यांनी ताडपत्र्यांची निंदा केली. मी हातवारे केले, पाय आपटले, पण आवाज फुटेना.

"बिल्ला बराबर, बोल बराबर," तात्या म्हणाले, "बाप्या जुळत न्हाई."

मी समोर उभा! हातभर अंतरावर! शेवटी टेम्पो रिकामा परत गेला आणि मिरजगावला माझं गिऱ्हाईक दुसऱ्याने पळवलं. ते मी आजही विसरलेलो नाही.

मी थेट गुदामाच्या मालकाकडे गेलो आणि बसक्या आवाजात तक्रार केली. मालक म्हणाले, "म्हाताऱ्याला दिसत नसेल तर दुसरा माणूस ठेवतो. उद्या बघूच."

दुसऱ्या दिवशी मालक माझ्याबरोबर खिडकीशी आले. "तात्या, माझ्याबरोबर कोण आलंय, ओळख बरं."

तात्यांनी मान वर केली. नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे गेली आणि तिथेच काहीतरी शोधत राहिली. मी बिल्ला पुढे सरकवला. त्यांनी त्यावरचा आकडा अंगठ्याने चाचपला. नोकरी गेली तर खोलीही जाणार, आणि दुसरं घर त्यांना नव्हतं. मला हवं होतं ते घडणार होतं. फक्त गप्प बसायचं होतं.

गप्प बसणं मला कधी जमलंय?

"ओळखायचंय काय त्यात?" उरलासुरला घसा लावून मी ओरडलो, तोही मालकांवर. "पत्रा गळतो, उंदीर बूट खातात, वर भाडं वाढवता! आणि परीक्षा ह्यांची घेता?"

तात्यांचा चेहरा उजळला. "मालक, ह्या शेठना न वळखून कसं भागंल? पार नगरापस्तोर ऐकू जात्यात!"

मालक कानावर हात ठेवून निघून गेले.

मग मी तात्यांना टेम्पोत घातलं आणि नगरला डोळ्यांच्या शिबिरात नेलं. वाटभर भांडलो. मोतीबिंदू निघाला, जाड भिंगांचा चष्मा आला. गुदामावर परतल्यावर त्यांनी मला बराच वेळ न्याहाळलं.

"तुमी असं दिसता व्हय? आवाजावरनं लई उंच वाटला हुता." मग चष्मा पुसत हळूच म्हणाले, "त्या मिरजगावच्या दिशी... माझंच चुकलं."

"तात्या, तो माझा बोल! उघड्यावर फोडलात. आता नवा द्या."

त्यांनी कानाशी येऊन नवा बोल दिला. तो इथे लिहिणार नाही, माझा माल अजून तिथेच आहे.

"आता दिसतंय," मी म्हणालो, "म्हणजे भांडण बंद ना?"

तात्या किल्लीशी चाळा करत राहिले. "ऱ्हाऊ द्या की तेवढं. दिसभर माझ्याशी दुसरं कोन बोलतंय?"

मी खिडकीवर कोपर टेकलं आणि गळक्या पत्र्यापासून सुरुवात केली.