पोपटरावांच्या विमानाला उपग्रह दिसेना

यंत्राला आपण फसवलं नाही, तर यंत्र आपल्याला फसवत नाही! गौतमीचं हे ठाम मत होतं, आणि सोमवारी सकाळी दौंडजवळच्या माळावर उभं राहून तिनं ते पोपटरावांना तीनदा ऐकवलं.

पोपटरावांना सगळे आप्पा म्हणत. ऊस चांगला गेला की लोक ट्रॅक्टर घेतात. आप्पांनी जुनं चार सीटचं विमान घेतलं आणि माळावर वैमानिक घडवायची शाळा काढली! आता, म्हणजे दोन हजार तीन साली, त्यांना ढगातलं उडणं शिकवायचं होतं. बाहेर नुसता पिंजलेला कापूस, आणि आत काट्यांवर नि पडद्यावर भरवसा. त्यासाठी विमानाच्या पॅनेलमध्ये कायमचा बसवलेला जीपीएस लागतो. तो बसवायचं काम शिरूरच्या गौतमीचं. विमानाचे रेडिओ दुरुस्त करायचं शिकून आलेली तालुक्यातली ती पहिलीच मुलगी.

गुरुवारी दहा वाजता मुंबईचे तपासनीस यायचे होते. पास झालं तर गौतमीची नोकरी कायम. नापास झालं तर काम मुंबईच्या पार्टीला, आणि गौतमी पुन्हा शिरूरला मामाच्या दुकानात टेपरेकॉर्डर पुसायला!

जीपीएस निवडतानाच पहिलं भांडण झालं. आप्पांना रंगीत मोठ्या पडद्याचा हवा होता.

"अगं, टीव्हीवाणी दिसतोय! पोरं बघूनच फी भरतील."

"आप्पा, तो ढगात चालवायला मंजूर नाही. हा हिरव्या अक्षरांचा मंजूर आहे."

"ह्यो? ह्यो तर एसटीच्या तिकिटाच्या पेटीवाणी दिसतोय!"

"ढगात शिरल्यावर रंग बघायचाय का रस्ता?"

हिरवा ठरला.

पॅनेलला भोक पाडायला कारेगावचे मेहमूदचाचा आले. कारखान्यांचे विजेचे पॅनेल करण्यात त्यांचा हात कुणी धरत नसे. केसाएवढाही फरक न पडता पत्रा कापला त्यांनी! आणि मग तीस वर्षांच्या सवयीनं, जीपीएसच्या बरोबर वर, कवटी आणि दोन हाडांची पट्टी ठोकली. 'धोका! ४४० व्होल्ट.'

"चाचा! विमान आहे हे!"

"अरे हां बेटा... हाताला सवय. पर शोभतंय की नाय?"

आप्पा कवटी बघून मटकन खालीच बसले. ती काढण्यात संध्याकाळ गेली. पण मंगळवारी दुपारी विमान शेडबाहेर ढकललं, बटण दाबलं, आणि पाच मिनिटांत पडद्यावर सात उपग्रह हजर! गौतमीनं चहा मागवला. आप्पांनी पेढे मागवले. आप्पांच्या मातोश्री पार्वतीबाई पाण्याचा तांब्या घेऊन आल्या आणि हळूच म्हणाल्या, "पोपट, नवी वस्तू हाय. हळदीकुंकू लावते रं."

"आय, अजिबात न्हाई! साहेब येनार हायेत. इमानाला डाग न्हाई दिसला पायजे."

"बरं बाबा," म्हातारी म्हणाली. पार्वतीबाई कधीच वाद घालत नसत. पिंडीवर पाणी घातल्याशिवाय चहाचा घोट नाही, हा त्यांचा चाळीस वर्षांचा नेम, आणि नेम असलेल्या माणसाला वादाची गरज पडत नाही.

बुधवारी सकाळी गौतमीनं बटण दाबलं. उपग्रह शून्य!

पाच मिनिटं. दहा मिनिटं. अर्धा तास. शून्य! पडदा आपला हिरवागार, शोधतोय आपला, हरवलेल्या म्हशीच्या मालकासारखा.

गौतमीनं पदर खोचावा तशी ओढणी कमरेला बांधली आणि पॅनेलखाली डोकं घातलं. बाहेर फक्त तिचे पाय. वायर तपासली, चांगली. फ्यूज चांगला. टपावरच्या अँटेनाचा जोड छताच्या आतून तपासला, घट्ट.

"वर चढून बघायचं का?" मेहमूदचाचा म्हणाले.

"अँटेना मी स्वतः बसवलीय, चाचा. तिथं काय बघायचंय?"

आप्पांनी स्वतःचा शोध लावला. "राहू गावाकडं मोबाईलचा टॉवर झालाय. त्योच खातोय उपग्रह!" त्यांनी सगळ्यांचे मोबाईल काढून घेतले आणि पाण्याच्या टाकीमागं पुरल्यासारखे ठेवले. विहिरीची मोटर बंद केली. राहूला माणूस पाठवून पिठाची गिरणी बंद करायला लावली! तासाभरात राहूच्या बायका डबे घेऊन माळावर हजर. "आप्पा, तुमच्या इमानापायी आमी भाकरी करायची न्हाई व्हय?"

मग आप्पांना वाटलं, दिशेचा दोष असेल. डबेवाल्या बायकांसकट सगळ्यांनी विमानाला हात लावला.

"पूर्वेकडं तोंड करा!" शून्य.

"पश्चिमेकडं!" शून्य.

"शेपूट उत्तरंला येऊ द्या," पार्वतीबाई मागून हलक्या आवाजात म्हणाल्या. "उत्तरंलाच पायजे."

म्हातारीला कसं कळलं, हे विचारायचं कुणालाच सुचलं नाही. शेपूट उत्तरेला केलं. शून्य! पण पार्वतीबाईंच्या चेहऱ्यावर मात्र मोठं समाधान.

संध्याकाळी आप्पांनी मुंबईच्या पार्टीचा नंबर काढला. गौतमीनं तो बघितला. "उद्या दहापर्यंत थांबा आप्पा. दहा वाजता साहेबांसमोर पडदा कोरा दिसला, तर मी स्वतः फोन लावून देईन."

गुरुवारी सात वाजता ती पुन्हा पॅनेलखाली होती. विमान बाहेरच उभं होतं. बटण दाबलं. शून्य. दुसरी वायर काढली, जोडली. शून्य. साडेसातला समोरच्या काचेवरून पाण्याचे दोन ओघळ आले. वैशाखात पाणी? गौतमीनं मान वर केली, आणि पडद्यावर आकडा हलला. एक! तीन! सहा उपग्रह!

"आले! आप्पा, आले!" ती ओरडली.

डोक्यावरच्या टपावरून शांत आवाज आला, "ॐ नमः शिवाय..."

गौतमी बाहेर आली. शिडीवर पार्वतीबाई उभ्या. एका हातात तांब्या, दुसऱ्या हातात पितळी वाटी. अँटेनावर हळद, कुंकू, बेलाचं पान, आणि भोवती कणकेची कड. म्हातारी वाटी परत पालथी घालायला वाकली.

"आई! वाटी ठेवू नका!"

"उन्हाचं झाकाय नको व्हय देवाला?"

"कुठला देव?"

"ह्यो काय! पांढरा, गुळगुळीत, मागं निमुळता. आपल्या पायानं येऊन पोपटच्या इमानावर बसला. इमानाला हळदीकुंकू नको म्हनला, पर देव आल्यावर पानी बी घालू नको? कालची वाटी हालू नये म्हनून कनिक लावली." मग अभिमानानं, "पिंडीची धार उत्तरंला पायजे, ते बी करून घेतलं!"

गौतमीला हसू का रडू कळेना. घड्याळात पावणेआठ. वाद घालायला वेळ नव्हता, आणि पार्वतीबाईंशी वाद होतच नसे.

"आई, ह्याला वरच्यांशी बोलायचं असतं. आकाशात सातजण वाट बघतायत. तुम्ही त्याच्या तोंडावर वाटी ठेवलीत."

पार्वतीबाईंनी तांब्या छातीशी धरला. "अगं बया! कालधरनं बिचाऱ्याचं तोंड दाबलंय मी? आन् तू सांगितलं न्हाईस?"

दहा वाजता साहेब आले. पडद्यावर आठ उपग्रह! आप्पा फुगले. साहेब मात्र शिडीवर चढले. खाली उतरले तेव्हा बोटाला कुंकू आणि कणीक.

"हे काय?"

आप्पांचा रंग उडाला. गौतमी पुढं झाली. "साहेब, काल दिवसभर अँटेना झाकलेली होती. मी सगळं विमान उसवलं, पण शिडीवर चढले नाही. चूक माझी."

साहेबांनी बोट रुमालाला पुसलं. मग कागद पुढं ओढला. "काम पास. पण एक अट. उडण्याआधीच्या तपासण्यांच्या यादीत पहिली ओळ घाला, आणि रोज जबाबदार माणसाची सही घ्या."

तीच यादी आजही त्या शेडमध्ये लटकते आहे. कायम झालेल्या गौतमीच्या अक्षरात, पहिली ओळ: 'टपावर आईंचं काही नाही ना, बघणे.'

आणि समोर रोज सकाळी, आंघोळ करून, चहाच्या आधी, न चुकता एकच सही असते: पार्वतीबाई!